शेवटचा टप्पा : मिरवणूक की झुंज?

दसऱ्याचे शिलंगण मुळात मोहिमेवर निघण्यासाठी. पुढे धार-देवाससारख्या पवारांच्या संस्थानांत त्याची थाटाची स्वारी तेवढी उरली. ‘तूर द फ्रान्स’ या तीन आठवड्यांच्या सायकल-शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याचे बरेचसे असेच झाले आहे. पिवळी जर्सी घातलेला अग्रेसर पॅरिसच्या वाटेवर शँपेनचा प्याला उंचावतो आणि त्याच्यावर सहसा कोणी चाल करीत नाही. टप्पा जिंकण्यासाठी चुरस होते, ती अखेरच्या काही मैलांत.

याला खिलाडूपणा म्हणतात. माझ्या मते खरे कारण वारा आहे! सपाट रस्त्यावर एकट्याने पुढे गेलेल्याला वारा कापावा लागतो. मागच्या घोळक्यातल्यांचे श्रम त्या मानाने पुष्कळ वाचतात व ते त्याला गाठतात. मिनिटांची पिछाडी अशी भरून निघत नाही.

१९८९ साली हा आडोसाच काढून घेतला होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटर प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाविरुद्ध कापायचे होते. पन्नास सेकंद मागे असलेल्या ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँला हरवून संपूर्ण शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. हा निकाल मिरवणुकीत लागला नसता.

तेव्हा अखेरपर्यंत वेळ मोजावी, हेच न्याय्य. अपवाद निसरड्या रस्त्याचा. २०२५ मध्ये पावसामुळे एकूण वेळेची मोजणी आधीच थांबवली होती. तरीही अग्रेसर पोगाचार मोंमार्त्रच्या चढावर झुंजला. तिथे त्याला मागे टाकून वाउट व्हान आर्टने टप्पा जिंकला.