मंडळीत प्रवेश आणि मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदन

मराठी बायबलमध्ये आणि मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या व्यवहारात चर्च या संज्ञेसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे. उपासनेची इमारत हा त्याचा अर्थ नव्हे. श्रद्धेने एकत्र आलेली माणसे, हा होय. एरवी मराठीत ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंबीय. त्यामुळे मंडळीत प्रवेश करणे म्हणजे एक नवे घर स्वीकारणे, हा अर्थ भाषेतच सूचित झालेला आहे. आणि नवे घर स्वीकारताना जुन्याचे काय होते, हा प्रश्नही त्याबरोबरच उभा राहतो.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल होती. तीत स्थानिक मंडळी हाच चर्चचा मूळ घटक मानला जातो. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने आपल्या श्रद्धेचा उच्चार सर्वांसमक्ष करावयाचा, मंडळीचा करार मान्य करावयाचा आणि मंडळीने त्याचा स्वीकार करावयाचा, असे या प्रवेशाचे स्वरूप असते. त्यानंतर तो प्रभुभोजनात सहभागी होतो. एका भाकरीचा व एका प्याल्याचा हा विधी पाश्चात्त्य देशांत केवळ धार्मिक होता. महाराष्ट्रात मात्र तो रोटीव्यवहाराच्या निर्बंधांना सरळ छेद देणारा ठरला. ब्राह्मण आणि महार एका पंक्तीस बसणे हे कोणत्याही धर्मतत्त्वाच्या मान्यतेपेक्षा अधिक कठीण होते. जातीबाहेर पडणाऱ्याचा वारसाहक्क १८५० च्या जातिनिर्बंध-निवारण कायद्याने सुरक्षित केला. पण तुटलेले आप्तसंबंध जोडून देणे कोणत्याही कायद्याच्या आवाक्यात नव्हते.

अशा परिस्थितीत ‘मी का आलो?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही घरांना देणे आवश्यक झाले. मंडळीपुढे द्यावयाची साक्ष आणि सोडून आलेल्या समाजापुढे मांडावयाचे समर्थन या दुहेरी गरजेतून मराठी आत्मचरित्राला एक वेगळी प्रेरणा मिळाली. बेळगाव येथे १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) या प्रेरणेचे ठळक उदाहरण होय. त्यात व्यक्तीच्या मनातील स्थित्यंतराबरोबरच तत्कालीन समाजाचे आणि मिशनशाळांच्या जगाचे चित्रणही येते. व्यक्तीचा वृत्तांत येथे समूहाच्या इतिहासाचे साधन बनतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) या ग्रंथात हीच प्रक्रिया निराळ्या बाजूने दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा प्रवेश त्यानंतर काही वर्षांनी झाला. त्यांच्या कथनात सिद्धांताची चर्चा अल्प आहे. सोवळे-ओवळे, पाणी, स्वयंपाक अशा दैनंदिन गोष्टींतून जातिभेदाची जाणीव हळूहळू कशी गळून पडली, हे त्या मिस्किलपणे सांगतात. बाप्तिस्म्याचा दिवस एक असतो. सभासदत्व मात्र वर्षानुवर्षे घडत जाते, हे सत्य या ग्रंथाइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

स्वतः टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ या कल्पनेद्वारे मंडळीच्या सीमेचाच पुनर्विचार केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ख्रिस्ताचे होण्यासाठी स्वजनांपासून तुटणे अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न त्यामागे होता. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. प्रश्न मात्र राहिला.

पुढे संस्थात्मक रचना बदलत गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या. तथापि स्थानिक मंडळीचा इतिहास केवळ अशा तारखांनी उलगडत नाही. तिच्या नोंदवहीतील एकेका नावामागे एक सोडलेले घर आणि एक नव्याने बांधलेले घर असते. त्या दोहोंची स्मृती एकत्र जतन करण्याचे कार्य मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनांनी केले, हेच त्यांचे वाङ्मयीन महत्त्व होय.