कागदपत्रविहीन स्थलांतरितांचे सार्वजनिक आरोग्य संरक्षण आणि त्याचा खर्च : अमेरिकेचा अनुभव

प्रस्तावना :
एखाद्या देशात वैध परवान्याशिवाय वास्तव्य करणाऱ्या, अथवा परवान्याची मुदत संपल्यानंतरही तेथेच राहिलेल्या व्यक्तींना कागदपत्रविहीन स्थलांतरित असे संबोधले जाते. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये अमेरिकेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. त्यांत काही लाख भारतीयांचाही समावेश होतो. या लोकांच्या आजारपणाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादग्रस्त ठरला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर चौकट, खर्चाचे स्वरूप आणि कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव यांचे विवेचन केले आहे.

कायदेशीर चौकट :
१९८६ च्या कायद्यान्वये मेडिकेअर योजनेत सहभागी असलेल्या व तातडीचा विभाग चालविणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक झाले. रुग्णाचे नागरिकत्व अथवा पैसे देण्याची क्षमता येथे विचारात घेतली जात नाही. तथापि, या कायद्याने कर्तव्य सांगितले, निधी दिला नाही. ती उणीव काही अंशी 'आपत्कालीन मेडिकेड' भरून काढते. उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या, परंतु स्थलांतरविषयक दर्जामुळे अपात्र ठरणाऱ्या रुग्णांवरील तातडीच्या उपचारांचा व प्रसूतीचा खर्च या तरतुदीतून रुग्णालयांना मिळतो.

१९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने कागदपत्रविहीन व्यक्तींना बहुतेक संघीय लाभांतून वगळले. आपत्कालीन उपचार, लसीकरण व संसर्गजन्य रोगांवरील उपचार यांना मात्र अपवाद करण्यात आले. राज्याला स्वतःच्या निधीतून अधिक लाभ द्यावयाचे असल्यास त्यासाठी नवा कायदा करणे आवश्यक ठरले. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने तर या व्यक्तींना विमा बाजारपेठेतून पूर्ण किंमत मोजूनही विमा घेण्यास मज्जाव केला.

खर्चाचे स्वरूप :
आपत्कालीन मेडिकेडवरील खर्च हा मेडिकेडच्या एकूण खर्चाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील २००१ ते २००४ या काळातील अभ्यासात २००४ मधील अशा खर्चापैकी ८२ टक्के खर्च प्रसूती व गर्भारपणातील गुंतागुंतीवर झाल्याचे आढळले.

केवळ आपत्कालीन उपचार देण्याच्या धोरणाचे परिणाम मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या बाबतीत विशेष स्पष्ट होतात. अशा रुग्णास सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागते. परंतु ज्या राज्यांत नियमित डायलिसिसची सोय नाही, तेथे रुग्णाला श्वास लागेपर्यंत किंवा रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते. टेक्सासमधील डॅलस येथे १८१ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित डायलिसिस मिळालेल्यांचा मृत्युदर लक्षणीयरीत्या कमी होता आणि दरडोई दरमहा सुमारे ५,७०० डॉलरची बचतही झाली. म्हणजेच उपचार नाकारल्याने खर्च टळला नाही; तो अधिक महागड्या विभागात गेला.

मात्र या उदाहरणावरून प्रत्येक उपचार बचत करतो, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही. संपूर्ण विमा संरक्षण दिल्यास पूर्वी न घेतल्या गेलेल्या सेवांची मागणी वाढते व एकूण खर्चही वाढतो. कॅलिफोर्नियाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव :
१९९४ मध्ये याच राज्यातील मतदारांनी अशा स्थलांतरितांच्या सार्वजनिक सेवा बंद करणारा 'प्रस्ताव १८७' संमत केला होता. न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. पुढे धोरणाची दिशा पालटली. २०१६ मध्ये मुलांना, २०२० मध्ये २६ वर्षांखालील तरुणांना, २०२२ मध्ये ५० वर्षे व त्यावरील व्यक्तींना आणि जानेवारी २०२४ पासून उर्वरित वयोगटास मेडी-कॅल योजनेत प्रवेश मिळाला. सर्वसाधारण मेडिकेड खर्चात संघीय शासनाचा वाटा असतो. येथे मात्र आपत्कालीन भाग वगळता तो मिळत नसल्याने भार राज्यावरच पडला. सुमारे १६ लाख व्यक्तींची नोंदणी झाली आणि २०२४-२५ मधील राज्याचा खर्च अंदाजे ८.५ अब्ज डॉलरवर गेला. हा खर्च मूळ अंदाजापेक्षा बराच जास्त होता.

परिणामी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १९ वर्षांवरील कागदपत्रविहीन व्यक्तींची नवी नोंदणी जानेवारी २०२६ पासून थांबविण्याची आणि जुलै २०२७ पासून १९ ते ५९ वयोगटाकडून दरमहा ३० डॉलर हप्ता घेण्याची तरतूद करण्यात आली. इलिनॉय राज्याने ४२ ते ६४ वयोगटासाठीची योजना जुलै २०२५ मध्ये बंद केली.

खर्चाची दुसरी बाजू :
हे स्थलांतरित करदातेही आहेत. करनीतीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये त्यांनी ९६.७ अब्ज डॉलर कर भरला. त्यातील मोठा भाग संघीय तिजोरीत जातो, तर विस्तारित आरोग्यसेवेचा भार राज्यावर पडतो. ही विसंगती वादाच्या मुळाशी आहे. शिवाय, भीतीचा घटकही दुर्लक्षिता येत नाही. मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती २०२५ मध्ये गृहसुरक्षा विभागास देण्यात आली व त्याविरुद्ध राज्ये न्यायालयात गेली. नोंदणीमुळे हद्दपारी ओढवेल अशी शंका असल्यास पात्र कुटुंबेही दवाखान्यापासून दूर राहतात. क्षयासारख्या रोगांच्या बाबतीत याची किंमत संपूर्ण समाजास मोजावी लागते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कागदपत्रविहीन स्थलांतरितांवरील आरोग्यखर्च पूर्णतः टाळण्याचा पर्याय व्यवहारात उपलब्ध नाही. तो केव्हा, कोठे आणि कोणाच्या तिजोरीतून करावयाचा, एवढाच निर्णय शासनाच्या हाती असतो. संपूर्ण संरक्षण खर्चिक आहे आणि स्थायी निधीशिवाय ते टिकत नाही, हे कॅलिफोर्नियाने दाखविले. तर केवळ आपत्कालीन उपचार हे जीवितहानी व अपव्यय यांना कारण ठरू शकतात, हे डायलिसिसच्या उदाहरणाने दाखविले. या दोन्ही वस्तुस्थितींची एकत्रित दखल घेणारे धोरणच टिकाऊ ठरू शकेल.