शीर सापडलीच नाही तर? (एपिसोडचा मजकूर)

गंगाखेड-परभणी रस्ता डोळ्यांसमोर आणा. उसाचा सीझन, रात्रीची वेळ, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आणि मागून आलेली बाइक. पोराच्या मांडीतून रक्त थांबत नाहीये. १०८ आली. महाराष्ट्रात २०१४ पासून या गाडीत डॉक्टर असतो, हे आपलं नशीबच. पण रक्त फार गेलं की शिरा चपट्या होतात. मग सुई लावायची कुठं?

औषध आहे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो यांनी १९६० च्या दशकात नवऱ्यासोबत शोधलेलं. पाळीत जास्त रक्त जात असेल तर डॉक्टर याच्याच गोळ्या लिहून देतात. हे रक्त गोठवत नाही बरं का! शरीरानं धरलेली गुठळी प्लास्मिन विरघळवतं, त्याला हे अडवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लीनअप स्क्रिप्ट चुकीच्या वेळी सुरू झालीय, ती थांबवायची.

२०१० मध्ये क्रॅश-२ चाचणीचे निकाल आले. ४० देश, २०,००० हून जास्त जखमी, त्यात भारतातलेही. पहिल्या तासात औषध मिळालं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसानच. म्हणजे शीर शोधण्यात गेलेली मिनिटं फुकट जात नाहीत, महागात जातात.

दुसरा रस्ता हाडातून. गुडघ्याखालच्या हाडात खास सुई घालायची, मगजातून औषध थेट रक्तात. वेग शिरेसारखाच, पण ती सुई आणि सराव असलेला हात दोन्ही हवेत. गोळीला वेळ लागतो, आणि बेशुद्ध माणूस गिळणार कशी?

राहिलं स्नायूतलं साधं इंजेक्शन. मला वाटायचं, शॉकमध्ये स्नायूंना रक्तच कमी पोचतं, तिथं काय उपयोग? पण २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ३० जखमींना पाच-पाच मिलीची दोन इंजेक्शनं देऊन पाहिलं. साधारण चार मिनिटांत रक्तात कामापुरतं औषध दिसलं, शॉकमधल्यांच्यातसुद्धा. अर्थात माणसं तीसच, आणि मोजलं ते रक्तातलं औषध, वाचलेले जीव नाहीत. त्यामुळे शीर मिळत असेल तर पहिली पसंती अजून शिरेलाच.

आणि हे मेडिकलमधून आणून स्वतः टोचायचं नाही. आपण जखम स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरायची, १०८ ला फोन करायचा आणि डॉक्टरांना अपघात नक्की किती वाजता झाला ते सांगायचं. ते तीन तास गाडी आल्यापासून नाही, धडक बसल्यापासून मोजतात.