कारखान्याचे दप्तर कोण सांभाळणार?



आपल्या पत्रिकेत ऊस, उतारा, दर आणि तोडणी यांखेरीज दुसरे काही छापले की वाचक पान उलटतो, हे आम्ही जाणतो. तरीही या अंकात आम्ही दप्तराविषयी लिहायला बसलो आहोत. पान उलटण्यापूर्वी एवढे ऐकून घ्यावे, की हा विषय दराचाच आहे. म्हणून पैशापासूनच सुरुवात करतो.

सहकारी साखर कारखाने सभासदांना किमान वैधानिक किमतीपेक्षा जो जादा दर देत आले, तो खर्च नसून नफ्याचे वाटप आहे, असे प्राप्तिकर खात्याचे वर्षानुवर्षे म्हणणे होते. त्यावर कर मागणाऱ्या नोटिसा येत, कारखाने अपिले करीत, आणि आकडा फुगत जाई. २०१५ च्या वित्त कायद्याने शासनाने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची तरतूद झाली, पण ती आकारणी वर्ष २०१६-१७ पासून पुढे. मागचे लोढणे गळ्यात राहिलेच. शेवटी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांनाही ही सवलत देण्यात आली, आणि तिने सहकारी कारखान्यांना सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे सांगण्यात आले. सगळीकडे आनंदीआनंद झाला.

पण दिलासा काही घरपोच येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जासोबत प्रत्येक वर्षाचा हिशेब दाखवावा लागतो. त्या हंगामात किती टन ऊस आला, काय दर दिला, तो शासनाने ठरविलेला किंवा मान्य केलेला होता काय, संचालक मंडळाचा ठराव कुठे आहे, ऊसबिलाचे रजिस्टर कुठे आहे, त्या सालचा लेखापरीक्षण अहवाल कुठे आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्या क्लार्कने तो गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला, त्याच्या स्वप्नात तरी आले असेल काय, की या सुतळीला एक दिवस कोट्यवधींची गाठ पडणार आहे?

कारखान्याचे दप्तर म्हणजे ऑफिसातल्या चार फायली असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक सभासदाने कांडी लावली की दप्तर सुरू होते. चिटबॉय बांधावर येऊन नोंद करतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा. पुढे त्याच नोंदीवरून तोडणीचा प्रोग्राम लागतो, तोडचिठ्ठी निघते, गाडी काट्यावर येते, पावती फाटते, पंधरवड्याचे बिल निघते. बिलातून सोसायटीचे कर्ज कापले जाते, शेअरची रक्कम कापली जाते, आणि ज्या काळात कापल्या गेल्या त्या काळात परतीच्या व बिनपरतीच्या ठेवीही कापल्या गेल्या. टनामागे चार-दोन रुपये म्हणून त्या वेळी कुणी डोके लावले नाही. आज त्याच ठेवींचा हिशेब नातवंडे मागू लागली आहेत, आणि त्यांनी तो मागावाच.

कायदाही याच कागदांवर उभा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, न दिल्यास द.सा.द.शे. १५ टक्के व्याज. हे १४ दिवस मोजायचे कुठून? काट्याच्या पावतीवरून. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ ने सभासद नोंदवहीला प्रथमदर्शनी पुराव्याचा दर्जा दिला आहे. कलम ३२ प्रमाणे सभासदाला पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची व समितीच्या सभांची इतिवृत्ते, आणि वह्यांमध्ये त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची जी पाने असतील ती कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. हक्क फार मोठा आहे. पण पान सापडलेच नाही, तर हक्क घेऊन करायचे काय?

याचा एक नमुना सांगतो. नावगाव सांगत नाही. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ शेअर विभागाच्या खिडकीपाशी आले. म्हणाले, "आमच्या आज्यानं शेअर घेतल्यात. पावती हाय बगा घरात, पर ह्या यादीत नाव न्हाई." खिडकीतला पोरगा नवा. त्याने कॉम्प्युटरवर नाव टाकले, सापडले नाही. तो म्हणाला, "काका, सिस्टीमला नाव नाही." काका म्हणाले, "सिस्टीम आत्ता आली. आज्या त्याच्या आधी आला हुता."

त्या वाक्यात आमच्या लेखाचा निम्मा ऐवज आहे. शोध घेता असे दिसले, की शेअर आजोबांच्या नावे एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून होता. पुढे वाटण्या झाल्या, तीन चुली झाल्या, थोरल्या भावाने आपल्या नावे वर्ग करून घेण्याचा अर्ज दिला, आणि कॉम्प्युटरवर यादी चढवताना कर्त्याचे नाव गळाले. हे उलगडले ते मूळ शेअर मागणी अर्जावरून. अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही, खाली पाटलांचा दाखला. हा अर्ज सापडला तो एका जुन्या साखरेच्या पोत्यात, आणि सापडला तोही अशा माणसाला, जो तीन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाला आहे. त्याला घरून बोलावून आणले. त्याने रेकॉर्ड रूममध्ये जाऊन डावीकडचे तिसरे रॅक दाखविले आणि म्हणाला, "खालच्या कप्प्यात बघा." अर्धा तास लागला.

या माणसाला दिवसाला बोलावून चहा पाजणे ही काही व्यवस्था नव्हे.

म्हणून या ऑफ सीझनला आम्ही रेकॉर्ड रूम पाहून आलो. इमारत बरी आहे, पण बगॅसचा भुसा कुठून कुठून आत येतो कोण जाणे, गठ्ठ्यांवर बोटभर थर आहे. पहिल्या हंगामांची रजिस्टरे लाल खारव्याच्या कापडात बांधलेली, वर चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवरचे अक्षर मोत्यासारखे. जसजसे अलीकडे यावे तसतसे कापड जाऊन सुतळी आली, सुतळी जाऊन पोती आली, आणि चिठ्ठ्या बंद झाल्या. काट्याच्या पावत्यांची पुस्तके कॅन्टीनच्या बिलांबरोबर एकाच पोत्यात पाहिली. वाळवी एका कोपऱ्यात लागली आहे. तिला अजून शेअर रजिस्टराचा पत्ता लागलेला नाही, हे आपले नशीब.

आता यावर उपाय काही परदेशातून आणायचा नाही. सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठे पद्धत फार जुनी आहे. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे प्रत्येक कारकुनाच्या टेबलाचे सहा भाग. शिवाय वर्गवारी आहे: अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे, क-१ वर्ग ५ वर्षे, ड वर्ग वर्षभर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची बैठक बदलली, दप्तराची मांडणी लावून घेतली, मुदत संपलेले कागद काढून टाकले, आणि लोकांची कामे झटपट निघू लागली. 'लखीना पॅटर्न' हे नाव राज्यभर झाले. साखर कारखान्यांच्याच जिल्ह्यात हे घडले. आपल्या मंडळींनी त्याचे कौतुक खूप केले. उचलले किती, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

सरकारी वर्गवारी कारखान्याला जशीच्या तशी लागत नाही, हे खरे. शेअर मागणी अर्ज, वारस नोंदी, ठेवींचे खतावणे, इतिवृत्ते, जमीन खरेदीचे दस्त, मशिनरीचे नकाशे ही कायमचीच धरली पाहिजेत. कॅन्टीनची बिले कायम ठेवून काय उपयोग? पण कोणताही कागद जाळण्यापूर्वी लेखापरीक्षण, प्राप्तिकर आणि कोर्टातली प्रकरणे यांचा मेळ घालून, यादी करून, मंडळाचा ठराव घेऊनच जाळावा. रद्दीवाल्याला वजनावर देणे ही आमच्या मते सर्वांत महागडी विक्री आहे.

कागदाचे झाले. पण कारखान्याचे बरेच ज्ञान कागदावर कधी आलेच नाही, त्याचे काय? पॅनमन प्रूफ स्टिकने नमुना काढतो, काचेवर पसरतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, "अजून थोडं पाणी." फॉल्स ग्रेन पडणार हे त्याला आधी कळते. कसे कळते, ते विचारले तर हसतो. मिल हाऊसमधल्या जुन्या फिटरला कोणत्या मिलची ट्रॅश प्लेट कुठे घासते ते तोंडपाठ. मिल सेटिंगचे आकडे वहीत असतात. पण एखाद्या हंगामात ते आकडे का बदलले, हे वहीत नसते. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, आणि पुढच्या हंगामात दुरुस्तीचे तेच चुकीचे दोन प्रयोग पुन्हा करतो. आमची सूचना साधी आहे. निवृत्तीच्या वर्षभर आधी त्याच्या हाताखाली एक तरुण द्यावा, आणि एका वहीत प्रश्न-उत्तरे लिहून घ्यावीत. भाषा त्याचीच ठेवावी. "मशीन कुरकुरतंय" असे तो म्हणाला तर तसेच लिहावे.

हे काम करणार कोण, हा खरा मुद्दा. रेकॉर्ड कीपरची जागा म्हणजे जिथे कुठे न चालणारा माणूस टाकायचा ती जागा, अशी समजूत फार कारखान्यांत आणि कचेऱ्यांत आहे. वास्तविक हे शिकून करायचे काम आहे. आपल्याच मातीत जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावले आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू झाला. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक असा, की वाचकाचा वेळ वाचवावा. वाचकाच्या जागी खिडकीवरचा सभासद ठेवून पाहा, म्हणजे नियम आपलाच वाटेल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९४१ पासून दप्तर राखण्याचे शिक्षण दिले जात आहे, आणि अल्प मुदतीचे वर्गही तिथे घेतले जात आले आहेत. आपल्या विद्यापीठांत ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्या मिळतात. सभासदांच्या मुलामुलींपैकी कुणी ही पदवी घेतलेली असेल, तर तिला शाळेच्या ग्रंथालयाखेरीज दुसरीकडे वावच नाही असे का समजावे? दोन तरुण कर्मचारी प्रशिक्षणाला पाठवावेत, आणि परत आल्यावर त्यांना टाइम ऑफिसला न टाकता याच कामावर ठेवावे, ही अट घालावी. नाहीतर प्रशिक्षणाचा दाखला भिंतीला आणि रेकॉर्ड रूमची किल्ली शिपायाकडे.

कुणी म्हणेल, आता सारे कॉम्प्युटरवर आहे, मोबाइलवर ऊस नोंद होते, काट्याचे वजन मेसेजने येते, मग ही जुनी कटकट कशाला? यावर एक उदाहरण देतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. कागद दोन-दोनशे वर्षे टिकले. टिकले नाहीत ते मोडी वाचणारे. आज मोडी शिकवायला वेगळे वर्ग घ्यावे लागतात. आणि आपल्याकडे? नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोवर भरलेली ऊसबिले फ्लॉपीत आहेत. फ्लॉपी कपाटात आहे, पण ती वाचणारे यंत्र कारखान्यात कुठे नाही. मोडी निदान डोळ्यांना दिसते तरी. तेव्हा स्कॅनिंग जरूर करावे, पण आधी गठ्ठे लावावे, सूची करावी, नंतर स्कॅन करावे. सूचीशिवाय केलेले स्कॅनिंग म्हणजे पोत्यातला ढीग पडद्यावर ओतणे होय. सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा जुनी माहिती नव्यात उतरवून, मेळ घालून, मगच जुने बंद करावे. आणि शेअर व ठेवींच्या याद्यांची छापील प्रत दरवर्षी बांधून ठेवावी.

व्यवस्थापनापुढे आम्ही तीन मागण्या ठेवीत आहोत: या ऑफ सीझनमध्ये शेअर व ठेव विभागाचे सर्व गठ्ठे सूचीसह लावावेत, दोन कर्मचारी प्रशिक्षणासाठी निवडावेत, आणि पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे किती गठ्ठे लागले, किती राहिले याचा लेखी अहवाल ठेवावा. सभासदांनी त्या सभेत दराबरोबर हाही प्रश्न विचारावा.

आणि सभासदांकडेही एक काम आहे. घरातल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, आजीच्या पेटीत जुनी शेअर सर्टिफिकेटे, ठेवींच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या असतील, त्या काढून ठेवाव्यात. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नये. झेरॉक्स गट ऑफिसला द्यावी आणि त्यावर पोहोच घ्यावी. शेअर मयत व्यक्तीच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावे असेल, तर मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि वाटणीचा कागद सोबत जोडावा. वारसनोंद (नॉमिनी) केली नसेल त्यांनी ती गळीत सुरू होण्यापूर्वी करून घ्यावी, म्हणजे हंगामात खिडकीवर गर्दी होणार नाही.