मासा वरून ठणठणीत, पोटात जंत!

शेततळ्यात मासे सोडलेल्यांनी जरूर वाचा.

युरोपातल्या तळ्यांत स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा असतो. त्याच्या पोटात शिस्टोसेफॅलस हा चपटा जंत वाढतो, कधी कधी माशाच्या निम्म्या वजनाचा! मग माशाची प्रतिकारशक्ती करते काय? हा जंत प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन बनवतो. माशाचं शरीरही तेच बनवतं. ते जास्त झालं की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे चोरच राखणदाराच्या आवाजात 'सगळं ठीक' म्हणतो. जंताला पुढं पाणपक्ष्याच्या पोटात जायचंय, तोवर मासा जगायला हवा ना!

हा जंत आपल्या रोहू-कटल्याला होत नाही. पण कल्ल्यांवर, आतड्यात दुसरे जंत होतात. म्हणून,

✅ महिन्यातून एकदा जाळं टाकून ५-६ मासे बघा. वजन करा, कल्ले उचलून पाहा, एखादा चिरून पोटही तपासा.
❌ मनानं अँटिबायोटिक टाकू नका. ते जिवाणूंसाठी आहे, जंतावर चालत नाही.
📷 जंत दिसला तर फोटो पाठवा. औषधाचं आपण बघून ठरवू.

– तुमचा कृषी सल्लागार