पाण्याचे प्रतिमान आणि पायथॉनची आवृत्ती

नदीला पूर आला तर कोणत्या वस्तीत किती पाणी चढेल, हे पाहण्यासाठी खरा पूर आणता येत नाही. म्हणून संगणकावर नदीचे गणिती प्रतिमान तयार करतात. 'अनुगा' हे अशा प्रतिमानांपैकी एक. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आणि जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या दोन संस्थांनी ते विकसित केले. त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. यात जमिनीचा नकाशा लहान लहान त्रिकोणांत विभागतात. प्रत्येक त्रिकोणात किती पाणी आले आणि शेजारच्या त्रिकोणात किती गेले, याचा हिशोब संगणक क्षणाक्षणाला करत राहतो. हे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य मिळते.

मात्र ते संगणकावर बसवताना पुष्कळ जण अडतात. जुन्या टिपणातील आज्ञा जशाच्या तशा दिल्या, तरी पडद्यावर चुकांची लांबलचक यादी उमटते आणि काम थांबते. असे का होते?

अनुगाचा बराचसा भाग 'पायथॉन' या भाषेत लिहिलेला आहे, आणि भाषा बदलत असते. पायथॉनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. जुन्या आज्ञावली तिच्यावर तशाच चालणार नाहीत, हे तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून पत्करले होते. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. अनुगाही पूर्वी २.७ वर चालत असे. पुढे ते तिसऱ्या आवृत्तीसाठी सुधारण्यात आले. जुने टिपण आणि नवा पायथॉन यांची गाठ पडली की अडचण येते.

भाषेतील बदल दोन प्रकारचे असतात. 'प्रिंट' या आज्ञेला पूर्वी कंस लागत नसे, आता लागतो. कंस नसेल तर संगणक लगेच थांबतो. हा बदल त्रासदायक, पण निरुपद्रवी. दुसरा बदल भागाकाराचा. जुन्या पायथॉनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई: ७ भागिले २ म्हणजे ३. नव्यात तो ३.५ येतो.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका त्रिकोणाच्या तीन टोकांशी पाण्याची खोली १, २ आणि २ मीटर आहे. सरासरी काढायची तर ५ भागिले ३. नव्या पायथॉनमध्ये उत्तर सुमारे १.६७ मीटर येईल. तीच आज्ञा जुन्यात चालवली तर उत्तर येईल १ मीटर, आणि संगणक कसलीही तक्रार करणार नाही. एक मीटर पाण्यात सातवीतला मुलगा उभा तरी राहू शकेल, १.६७ मीटर पाणी बहुधा त्याच्या डोक्यावरून जाईल. म्हणून बसवताना आलेला अडथळा हा आपला शत्रू नव्हे. खरी भीती मुकाट्याने आलेल्या चुकीच्या उत्तराची असते.

अडथळ्याचे दुसरे कारण यंत्रभाषेचे. जास्त आकडेमोडीचा भाग वेगाने व्हावा म्हणून 'सी' भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असतो. सहसा हे रूपांतर पायथॉनच्या एका ठरावीक आवृत्तीपुरते असते. ३.११ साठी केलेला असा भाग ३.१२ ला बसत नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही तसे. तयार भाग सापडला नाही, तर संगणक मूळ मजकुरापासून तो तयार करू पाहतो. त्यासाठी लागणारा 'कंपायलर' नसेल तर तिथेच थांबतो.

येथे गणिताच्या शिक्षकांना गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. ३.९ नंतर ३.१० आली, आणि ती ३.९ पेक्षा नवी आहे. आवृत्तीचा क्रमांक हा दशांश अपूर्णांक नव्हे. पुस्तकातील तिसऱ्या प्रकरणाचा दहावा भाग, असा तो वाचायचा.

तिसरे कारण सोबतच्या आज्ञासंचांचे. बहुतेक वैज्ञानिक आज्ञावली 'नमपाय' या संचाचा आधार घेतात. त्याची दुसरी आवृत्ती जून २०२४ मध्ये आली, आणि पहिल्या आवृत्तीच्या आधारे यंत्रभाषेत तयार झालेले भाग तिच्याशी जुळेनासे झाले. ऑक्टोबर २०२३ मधील पायथॉन ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हा भागच काढून टाकला गेला. जुन्या आज्ञावली बसवताना त्याची गरज लागत असे.

मग उपाय काय? संगणकातील मूळ पायथॉन काढू नये. इतर कामे त्यावर अवलंबून असू शकतात. प्रत्येक प्रतिमानासाठी स्वतंत्र 'परिसर' करावा. पायथॉनमध्ये यासाठी 'व्हेन्व्ह' ही सोय आहे, पण ती संगणकावर आधीपासून असलेलाच पायथॉन वापरते. वेगळी आवृत्ती हवी असेल तर 'कॉन्डा' सोयीचे. ते परिसर आणि हवा तो पायथॉन दोन्ही देते.

आम्ही पुढील क्रम सुचवतो. प्रतिमानाला कोणती आवृत्ती चालते, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. त्या आवृत्तीचा परिसर करून मगच प्रतिमान बसवावे. चूक आलीच तर यादीच्या शेवटच्या ओळी आधी वाचाव्यात. 'सिंटॅक्स एरर' असेल तर बहुधा भाषेची आवृत्ती जुळत नाही; 'मॉड्यूल' सापडत नाही असे म्हटले असेल तर एखादा संच नाही; कंपायलरचा उल्लेख असेल तर तयार भाग मिळालेला नाही. शेवटी, उत्तर आधीच ठाऊक असलेले एक उदाहरण चालवून पाहावे. ही पायरी कधीही गाळू नये, कारण मुकी चूक इथेच पकडली जाते.

प्रयोगवहीत आपण तापमापीचे लघुतम माप लिहायला लावतो, कारण त्यावाचून वाचनाला अर्थ नसतो. संगणकावरील प्रयोगातही पायथॉनची, प्रतिमानाची आणि संचांची आवृत्ती उत्तराशेजारी लिहावी. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला तोच पूर पुन्हा मांडून पाहायचा असेल, तर त्याला या चार ओळींचाच आधार असेल.