चाकोरी सोडून जाणारी गाडी

ऊसतोडणीच्या दिवसांत बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या शेतरस्त्यांवर नजर टाका. मऊ मातीत चाकांनी पाडलेल्या दोन खोल रेघा लांबवर गेलेल्या दिसतात. या रेघांना आपण चाकोरी म्हणतो. एकदा चाकोरी पडली की मागून येणारी प्रत्येक गाडी तिच्यातूनच जाते, कारण तिथली जमीन दबून घट्ट झालेली असते. पण काही गाड्या मुद्दाम चाकोरी सोडून जाण्यासाठीच बनवलेल्या असतात. जीप, जिप्सी, थार, जिम्नी ही नावे तुम्ही ऐकलीच असतील. डोंगरवाटा, ओढे, माळराने तुडवण्यासाठी अशा गाड्या घेण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पूर्वी तर त्या शिकारीसाठीही वापरल्या जात.

अशी गाडी निवडायची तर काय पाहावे? पुष्कळ जण म्हणतील, 'इंजिनाची ताकद पाहा.' पण हे उत्तर अपुरे आहे. गाडी कुठवर जाईल हे इंजिनापेक्षाही चाक आणि जमीन यांच्यातील तळहाताएवढ्या जागेवर ठरते. ते कसे, हे आता पाहू.

आधी जमीन ओळखा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे. तिथे लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला प्रदेश असून येथे साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे येथे घनदाट रान नाही. नीरा, कऱ्हा आणि भीमा यांच्या काठी काळी जमीन आहे आणि तिच्यापासून दूर उंचावर मुरमाड माळ आहेत.

या दोन्ही जमिनी एकाच बेसॉल्ट खडकापासून झालेल्या आहेत, पण चाकाखाली त्या अगदी वेगळ्या वागतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. त्याचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळाले की ते या पापुद्र्यांत शिरते आणि माती फुगते. वाळली की माती आकसते आणि तिला भेगा पडतात. म्हणून उन्हाळ्यात दगडासारखी टणक असणारी ही जमीन पावसात लोण्यासारखी होते. मुरमाड माळावर पाणी थांबत नाही, त्यामुळे पाऊस उघडल्यावर काही तासांतच तिथे पाय ठरतो.

शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचताच ठाऊक असते. 'वाफसा आल्याशिवाय रानात जायचे नाही,' असे तो म्हणतो. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा यांचे प्रमाण योग्य असण्याची स्थिती. वाफशावर माती अवजारालाही चांगली आणि चाकालाही. चिखलात घातलेली गाडी कितीही भारी किंमतीची असो, ती रुततेच.

रुतणे म्हणजे काय?

भार भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. हेच सूत्र चाकाला लावू. हवा भरलेले टायर जमिनीवर टेकले की थोडे चपटे होते. ते इतके चपटे होते, की टेकलेल्या भागावरचा दाब साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाइतका होतो.

समजा, माणसांसह एका जीपचे वजन १६०० किलोग्रॅम आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम दाबाने हवा भरली आहे. तर चारही चाके मिळून सुमारे ८०० चौरस सेंटिमीटर जागा टेकलेली असेल, म्हणजे एका चाकाला २००. जवळजवळ मोठ्या माणसाच्या तळपायाएवढीच ही जागा! आता हवा कमी करून दाब १.२ केला, तर टेकलेली जागा १३०० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. टायरची भिंतही थोडा भार पेलते, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण मऊ जमिनीत टायरची हवा थोडी का कमी करतात, हे त्यावरून कळते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. नाहीतर कमी हवेचे टायर वेगात सारखे दुमडून तापते आणि फुटण्याचा धोका असतो.

उसाच्या वाहतुकीत लाकडी चाकांच्या बैलगाड्यांची जागा टायरगाड्यांनी घेतली, तिच्यामागेही हेच कारण आहे. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद आणि कडक असते. तिच्याखाली जमीन चिरली जाते. रबरी टायर तोच भार जास्त जागेवर पसरवते.

यातून गाडी निवडण्याचा पहिला नियम निघतो : गाडी हलकी हवी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅम होते आणि इंजिन होते अवघे ६० अश्वशक्तीचे. स्वातंत्र्यानंतर अशा जीपची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने सुरू केली आणि ती खेडोपाडी पोचली. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी तर त्याहूनही हलकी होती. तिचे पहिले इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे, म्हणजे लहानसेच होते. तरीही ती सैन्यात आणि अभयारण्यांत अनेक वर्षे वापरली गेली.

पकड आणि चढ

इंजिन चाक फिरवते, पण गाडी पुढे ढकलते ती जमीन. चाक जमिनीला मागे रेटते आणि जमीन चाकाला पुढे रेटते. हा रेटा घर्षणापेक्षा जास्त होऊ शकत नाही. त्याहून जास्त जोर लावला, तर चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि खड्डा करते.

कोरड्या मुरमावर टायरचा घर्षणांक ०.६ धरू. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असेल, तर गाडी आडव्या १०० मीटरमागे जास्तीत जास्त ६० मीटरचा चढ चढू शकेल. पण नेहमीच्या मोटारीत दोनच चाकांना जोर मिळतो आणि त्यांच्यावर गाडीचा सुमारे अर्धाच भार असतो. म्हणून तिची मर्यादा ३० मीटरच्या जवळपास येते. ओल्या काळ्या मातीवर घर्षणांक ०.२ इतका खाली आला, तर हेच आकडे २० आणि १० होतात. 'फोर व्हील ड्राइव्ह' म्हणतात त्याचा उपयोग हा असा आहे. त्यामुळे घर्षण वाढत नाही. असलेले सगळे घर्षण कामी येते, इतकेच.

या गाड्यांत आणखी एक दांडा असतो, 'लो' गिअरचा. जुन्या जीपमध्ये तो लावला की चाकाचा वेग जवळजवळ निम्मा होतो आणि पीळ दुप्पट होतो. तरफेचाच हा नियम : वेग द्या, जोर घ्या. चढावर हळू पण एकसारखी चाल ठेवता येते आणि चाक घसरत नाही. उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेकवर सगळा भार येत नाही.

मात्र एक अडचण राहते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची रचना असते. तिचा स्वभाव असा, की ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक ओढ्याच्या काठावर अधांतरी राहिले, तर त्याला फिरायला काहीच पीळ लागत नाही. मग टेकलेल्या चाकालाही तो मिळत नाही. अधांतरी चाक भिंगरीसारखे फिरते आणि गाडी जागेवर राहते. यासाठी काही गाड्यांत ही रचना तात्पुरती बंद करणारे कुलूप असते. गाडी निवडताना ते आहे की नाही, हे विचारावे.

उंची हवी, पण किती?

बांध, दगड, चर ओलांडताना गाडीचे पोट टेकू नये म्हणून जमिनीपासून पोटाची उंची जास्त हवी. पण गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. समजा, डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा अर्धा भाग ६५ सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्यही जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. अशी उभी असलेली गाडी ४५ अंशांपर्यंत कलली तरी उलटत नाही. माणसे मागे उभी राहिली, टपावर सामान चढवले आणि गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर गेला, तर ही मर्यादा सुमारे ३९ अंशांवर येते. शिवाय गाडी चालू असताना धक्के बसतात, चाक खड्ड्यात जाते. तेव्हा ती त्याहून पुष्कळ आधी उलटू शकते. म्हणून चढ-उतार सरळ रेषेत ओलांडावा, आडवे जाऊ नये.

माळावरची शिकार

आता शिकारीकडे वळू. बारामती-इंदापूरच्या माळांवर चिंकारा हे वीस-बावीस किलो वजनाचे देखणे हरण राहते. लांडगा, खोकड आणि तरसही येथे आहेत. उघड्या माळावर लपायला झाडी नसते. चिंकाऱ्याचे संरक्षण दोनच गोष्टी करतात : दूरवर पाहणारी नजर आणि वेगवान पाय. जीपने ही दोन्ही शस्त्रे निकामी केली. रात्रीच्या प्रखर दिव्याने जनावराचे डोळे दिपतात आणि ते थबकते. दिवसा पळाले तर त्याचे पाय थकतात, इंजिन थकत नाही. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानाच्या राजाने रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. आपल्या देशातली चित्त्याची ती शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. तोही उघड्या रानातला, वेगावर जगणारा प्राणी होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने काही शिकार करता येत असे. पण तेव्हाही चाकांच्या वाहनातून शिकार करण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची ही हौशी शिकार बंद झाली. चिंकारा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे असा नाही. प्राण्याला पकडणे, हाकून नेणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. छायाचित्रासाठी चिंकाऱ्यामागे गाडी पळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

न दिसणारे नुकसान

बंदूक नसली तरी चाक आहेच. माळ ओसाड दिसतो, पण तो ओसाड नाही. पवन्या, कुसळी यांसारख्या गवतांची मुळे मातीच्या वरच्या थोड्या इंचांत जीव धरून असतात. माळटिटवी, धाविक आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, तीही मातीच्या रंगाची. गाडीत बसलेल्या माणसाला ती दिसणे अशक्यच.

चाकाने माती दबली की तिच्यातली पोकळी कमी होते. पावसाचे पाणी मुरत नाही, वरून वाहून जाते, आणि वाहताना त्याच चाकोरीची घळ करते. पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात पाणी न मुरणे म्हणजे गवत न उगवणे. आणि गवत नाही तर चिंकाराही नाही. बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहून किंचितच जास्त आहे. एवढ्याशा जागेत प्रत्येकाने आपली वेगळी वाट पाडली, तर काय उरेल? इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ येथे वनविभागाने माळरान सफारी सुरू केली, ती ठरवून दिलेल्या वाटांवरूनच, ते याचसाठी.

करून पाहा

१) सायकलच्या मागच्या टायरला ओला रंग लावा. खाली आलेखाचा कागद ठेवून एका मित्राला सायकलवर बसवा आणि चाक त्यावर टेकवा. उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजा. हवा थोडी कमी करून पुन्हा ठसा घ्या. दोन्ही क्षेत्रफळांची तुलना करा.

२) दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा शेतरस्त्याच्या चाकोरीत तीन सेंटिमीटर दाबून बसवा. पत्र्याच्या कडांनी हात कापू नये याची काळजी घ्या. त्यात पेलाभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर पाहा. मग शेजारच्या न तुडवलेल्या जागेवर हाच प्रयोग करा. दोन्ही वेळा वहीत लिहा आणि वर्गात इतरांच्या नोंदींशी ताडून पाहा.

मग गाडी कोणती?

हलकी, चारही चाकांना जोर देणारी, 'लो' गिअर असलेली, पोट उंच पण गुरुत्वमध्य खाली असलेली गाडी चांगली. दगडांच्या सह्याद्रीतल्या वाटेला पोटाची उंची आणि डिफरन्शियलचे कुलूप अधिक उपयोगी; काळ्या रानाला हलके वजन आणि रुंद टायर अधिक उपयोगी. मुरमाड माळावर मात्र कोरड्या दिवसांत साधी गाडीसुद्धा सहज चालते. तिथे प्रश्न गाडी जाईल का हा नसून जावी का हा आहे. अशा ठिकाणी पडलेली चाकोरी सोडू नये. वाट संपली की गाडी थांबवावी, दुर्बीण काढावी आणि वाऱ्याची दिशा पाहून गुपचूप बसावे. थोड्या वेळाने चिंकारे पुन्हा मान खाली घालून चरू लागतात, आणि ते पाहायला कोणत्याच इंजिनाची गरज लागत नाही.